न आलेल्या प्रलयाचा हिशेब

रविवार, ४ फेब्रुवारी १९६२. शके १८८३ ची पौष अमावास्या. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी हे सात ग्रह केतूसह मकर राशीत एकत्र आले होते. या अष्टग्रहीच्या योगावर जगाचा अंत होईल, निदान महाभयंकर उत्पात तरी घडतील, अशी भाकिते त्यापूर्वी कित्येक दिवस देशभर पसरली होती. ३ ते ५ फेब्रुवारी हे तीन दिवस विशेष धोक्याचे मानले गेले. शहरांत आणि खेड्यांत होमहवने झाली, अखंड नामजप चालले, नाना प्रकारच्या शांती करण्यात आल्या. प्रवासाला निघणारे थांबले आणि परगावी असलेले घराकडे परतले. पंतप्रधान नेहरूंनी हा सारा प्रकार हसण्यावारी नेला; शेजारच्या ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू यांनी मात्र अरिष्ट टळावे म्हणून पशुपक्ष्यांना जीवदान देवविले.

मंगळवारी, ६ फेब्रुवारीला, सूर्य नेहमीप्रमाणे उगवला. वेरूळची लेणी मागे टाकून शिऊरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी हे गाव आहे. जिल्हा तेव्हाचा औरंगाबाद, आताचा छत्रपती संभाजीनगर. अशा गावाच्या दृष्टीने त्या मंगळवारचा अर्थ एवढाच होता की, शेतात रब्बीची ज्वारी उभी होती, तिची राखण करायची होती आणि सावकाराचे किंवा सोसायटीचे देणे जसेच्या तसे होते. जग बुडाले असते तर देणेही बुडाले असते. जग बुडाले नाही, त्यामुळे सगळे व्यवहार आदल्या आठवड्यात जेथे थांबले होते तेथूनच पुढे सुरू झाले.

अष्टग्रहीच्या भीतीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यानंतरच्या दिवसांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. वास्तविक अधिक उद्‌बोधक भाग तोच आहे. ज्याने मनापासून विश्वास ठेवला, पदरचे पैसे खर्च केले आणि शेजाऱ्यांनाही सावध केले, त्याने त्या मंगळवारी स्वतःशी काय म्हटले असेल? भाकीत खोटे ठरले, ही गोष्ट तर कोणालाच नाकारता येण्यासारखी नव्हती. तरीही ग्रहांवरचा विश्वास त्या सकाळी कोसळून पडला नाही. तो का पडला नाही, याचा विचार केल्याखेरीज पुढच्या भाकिताला तोंड देता येणार नाही.

भीतीला आधार कोणता होता?

१९६२ च्या भीतीला निव्वळ अडाणीपणा म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळमध्ये प्रचंड भूकंप झाला होता. त्या दिवशीही अमावास्या होती आणि मकर राशीत ग्रहांची दाटी होती. ज्यांना हे आठवत होते त्यांच्या दृष्टीने १९६२ चे भाकीत म्हणजे अनुभवाचे बोल होते. शिवाय कलियुगाच्या आरंभी सर्व ग्रह एकत्र होते, हे गणित भारतीय ज्योतिषाच्या सिद्धांतग्रंथांत पूर्वापार चालत आलेले आहे. तेव्हा ग्रह पुन्हा एकत्र आले की एक युग संपून दुसरे सुरू होणार, अशी समजूत होणे अगदीच चमत्कारिक म्हणता येत नाही.

तथापि परंपरेचेच बोट धरायचे, तर ते शेवटपर्यंत धरायला हवे होते. पुराणांच्या गणनेप्रमाणे कलियुग चार लक्ष बत्तीस हजार वर्षांचे आहे आणि त्यातली पाच हजारांहून थोडी अधिक वर्षेच आजवर सरली आहेत. कोणत्याही पूजेच्या आरंभी जो संकल्प सोडला जातो, त्यात सध्या कलियुगाचा पहिलाच चरण चालू असल्याचा स्पष्ट उच्चार असतो. म्हणजे प्रलय टळावा म्हणून जो होम मांडला गेला, त्याच्या संकल्पातच प्रलयाला अद्याप चार लाखांहून अधिक वर्षे अवकाश असल्याचे सांगितले जात होते. होमकुंडाभोवती बसलेल्यांपैकी कितीजणांच्या हे ध्यानात आले असेल? संकल्प दर वेळी कानांवर पडतो, म्हणूनच बहुधा त्याच्या अर्थाकडे लक्ष जात नाही.

आकाशाची बाजूही तपासण्यासारखी होती. अष्टग्रहीतील केतू ही दिसणारी वस्तू नव्हे. चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला जेथे छेदतो, त्या दोन बिंदूंपैकी तो एक आहे. सूर्य हा तारा आणि चंद्र हा उपग्रह. उरले पाच ग्रह. ते पृथ्वीवरून पाहताना एका दिशेला दिसले म्हणजे एकमेकांजवळ आले असे होत नाही. त्यांच्यात कोट्यवधी मैलांचे अंतर राहतेच. समुद्राला भरती आणणारी ओढ मुख्यतः चंद्राची आणि त्याखालोखाल सूर्याची. शुक्र पृथ्वीच्या अगदी निकट आला तरी त्याची अशी ओढ चंद्राच्या ओढीच्या दहा हजाराव्या भागाइतकीही भरत नाही. मकर राशीतल्या त्या गर्दीने एखाद्या विहिरीचे पाणीही हलले नसते. ही माहिती १९६२ मध्ये उपलब्ध होती. शाळेच्या पुस्तकातील भूगोल आणि घराच्या भिंतीवरील पंचांग यांची गाठ घालून देणारा कोणी नव्हता, एवढेच.

तीन उत्तरे

भाकीत चुकल्यावर श्रद्धावान माणसापुढे जे मार्ग राहतात, ते अष्टग्रहीनंतर ठळकपणे दिसले. पहिले उत्तर तात्काळ तयार होते: संकट येणारच होते, यज्ञयागांमुळे आणि नामस्मरणामुळे ते टळले. या उत्तराला तोड नाही. प्रलय झाला असता तर भाकीत खरे ठरले असते. झाला नाही तेव्हा उपाय खरा ठरला. दोन्ही बाजूंनी कौल एकच मिळणार असेल, तर त्याला कौल म्हणण्यात अर्थ राहत नाही. यज्ञ न करता प्रलय येतो की नाही हे पाहण्याची संधी कोणालाच मिळत नाही, आणि ज्याने यज्ञासाठी वर्गणी दिली त्याला तशी संधी नकोही असते. आपण दिलेल्या पैशांनी जग वाचले ही भावना मोठी सुखद आहे. ते पैसे व्यर्थ गेले हे कबूल करणे तितकेच जड आहे.

दुसरे उत्तर यायला थोडा काळ जावा लागला. मार्चच्या २ तारखेला ब्रह्मदेशात लष्कराने सत्ता घेतली आणि पशुपक्ष्यांना जीवदान देणारे ऊ नू स्वतःच पदच्युत झाले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हिमालयाच्या सीमेवर मोठे आक्रमण केले. देशाला मान खाली घालावी लागली. २७ मे १९६४ रोजी नेहरूंचे निधन झाले. तेव्हा अष्टग्रहीचे फळ उशिराने का होईना मिळाले, असे सांगणारे अनेक निघाले. या उत्तरातील गोम मुदतीत आहे. आधी सांगितलेले तीन दिवस मागाहून आठ महिन्यांचे आणि पुढे दोन वर्षांचे झाले. जगाचा अंत म्हणून जे सांगितले होते त्याचे आधी युद्ध झाले, मग एका पुढाऱ्याचा मृत्यू झाला. मुदत इतकी सैल केली आणि संकटाची व्याख्या इतकी पातळ केली, तर जगात कोणतेही भाकीत कधीच खोटे ठरणार नाही. कारण अशुभ असे काही घडलेच नाही अशी दोन वर्षे इतिहासात सापडायची नाहीत.

तिसरे उत्तर कोणी मोठ्याने दिले नाही. पुष्कळ माणसे काहीही न बोलता आपल्या कामाला लागली. त्यांनी श्रद्धा टाकून दिली नाही आणि तिचे समर्थनही केले नाही. या गप्प राहिलेल्यांची संख्या बहुधा सर्वांत मोठी असावी. लाज वाटल्याने असो की उद्योगाच्या रगाड्यामुळे असो, त्यांनी तो विषय बंद केला. त्यांच्या मौनाचा एक परिणाम मात्र झाला. पहिली दोन उत्तरे देणाऱ्यांचाच आवाज मागे उरला आणि पुढच्या पिढीच्या कानांवर अष्टग्रहीची जी हकीकत गेली ती त्यांच्याच तोंडची गेली.

सहस्रकाची वाट

ही रीत एका धर्माची किंवा एका प्रदेशाची नव्हे. देवगाव रंगारीपासून फार लांब नसलेला दौलताबादचा किल्ला १४९९ पासून अहमदनगरच्या निजामशाहीत होता. त्या राज्याने अशाच एका अपेक्षेचा काळ पाहिला आहे. हिजरी सनाची हजार वर्षे पुरी होत आली की मेहदी प्रकट होईल आणि त्यामागून जगाचा शेवट येईल, अशी समजूत सोळाव्या शतकात मुसलमान समाजात बरीच पसरली होती. अकबर बादशहाने या सहस्रकाचा इतिहास लिहवून घेण्याचे काम हाती घेतले, ते याच वातावरणात. जौनपूरच्या सय्यद महंमद यांनी आपणच मेहदी असल्याचे सांगितले होते आणि १५०५ मध्ये अफगाणिस्तानातील फराह येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या अनुयायांपैकी जमालखान हा सरदार १५८९ च्या सुमारास अहमदनगरचा सर्वसत्ताधीश बनला आणि मेहदवी पंथाला त्याने राजमान्यता मिळवून दिली. १५९१ मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेडच्या लढाईत तो मारला गेला आणि राजाश्रय संपला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये हिजरी १००० साल उजाडले, आणि तेही इतर सालांप्रमाणे सरून गेले.

मेहदवी पंथ त्यामुळे नाहीसा झाला नाही. तो आजही हैदराबाद, पालनपूर आदी ठिकाणी आहे. ज्यांना मेहदी मानले ते येऊन गेले, आता त्यांच्या शिकवणुकीप्रमाणे जगणे एवढेच शिल्लक आहे, अशी या समाजाची धारणा राहिली. नामचिंतन, विरक्ती आणि आपल्या वस्तीत मिळकत सारखी वाटून घेणे यांवर त्यांच्या साधकांचा भर होता. अंतकाळाची वाट पाहणारा एक समाज अशा रीतीने रोजच्या आचरणाकडे वळला.

अमेरिकेतील उदाहरण याहून अधिक परिचित आहे. विल्यम मिलर या शेतकऱ्याने बायबलच्या अभ्यासावरून ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा काळ काढला आणि त्याच्या अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख निश्चित केली. काहींनी शेतातले उभे पीक काढले नाही. ज्या जगाचा शेवट होणार त्यात पीक काढून उपयोग काय, असा त्यांचा विचार होता. ती रात्र त्यांनी जागून काढली आणि २३ तारखेची पहाट रडत पाहिली. बहुतेक लोक पांगले. एका लहान गटाने मात्र असा अर्थ लावला की तारीख बरोबर होती. पृथ्वीवर घडेल असे आपण जे समजलो ते स्वर्गात घडले. त्या गटातून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्चची रीतसर स्थापना झाली. पुण्याच्या औंध भागातील स्पायसर विद्यापीठ याच चर्चचे. जगाचा अंत उद्यावर आला आहे असे मानणाऱ्यांच्या वारसदारांनी शाळा, महाविद्यालये आणि रुग्णालये बांधली. इमारत बांधणारा मनुष्य कितीही श्रद्धाळू असला तरी उद्याची सोय करीत असतो. या वारसदारांनी पुढे नवी तारीख दिली नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

पंडितांचीही तीच रीत

या साऱ्याचे मानसशास्त्रीय स्पष्टीकरण म्हणून लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन शास्त्रज्ञाचे नाव नेहमी घेतले जाते. त्याच्या विचाराला चालना मिळाली ती भारतातून. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर पसरलेल्या अफवांचा अभ्यास जमुना प्रसाद या भारतीय मानसशास्त्रज्ञाने केला होता. ज्यांना धक्का जाणवला पण ज्यांची हानी झाली नाही, अशा लोकांत याहूनही मोठी संकटे येणार असल्याच्या अफवा फैलावल्या होत्या. घाबरलेल्या माणसाने आणखी घाबरविणाऱ्या गोष्टी का पसरवाव्यात? फेस्टिंगरचे म्हणणे असे की, मनात भीती होती आणि तिला साजेसे कारण समोर नव्हते. ते कारण अफवेने पुरविले. मनातील दोन विसंगत गोष्टींचा मेळ घालण्याची धडपड माणूस करतो, हा त्याचा सिद्धांत येथून उभा राहिला.

पुढे २१ डिसेंबर १९५४ रोजी महापूर येऊन जग बुडेल असे मानणाऱ्या शिकागोजवळच्या एका छोट्या गटात फेस्टिंगर आणि त्याचे सहकारी निरीक्षणासाठी शिरले. पूर आला नाही. आपल्या श्रद्धेच्या प्रकाशाने जग वाचले, असे त्या गटाच्या प्रमुख बाईंनी सांगितले आणि एरवी गुप्तता पाळणारे हे लोक उलट अधिक जोमाने प्रचार करू लागले, असा वृत्तांत १९५६ च्या त्यांच्या पुस्तकात आहे. अनेक दशके तो पाठ्यपुस्तकांतून शिकविला गेला. अलीकडे फेस्टिंगरची जतन केलेली कागदपत्रे अभ्यासकांसाठी खुली झाली आणि त्यांच्या आधारे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या वृत्तांतावर गंभीर आक्षेप घेतले. तो गट तारखेच्या आधीही प्रचार करीतच होता, तारीख टळल्यावर त्याची श्रद्धा लवकरच ढासळली आणि निरीक्षकांनी स्वतःच गटावर प्रभाव टाकला होता, असे ते आक्षेप आहेत. म्हणजे श्रद्धावान पुराव्याला जुमानत नाहीत असे सांगणारी ही प्रसिद्ध कथा विद्वानांनीच पुरेसा पुरावा न तपासता सत्तर वर्षे जवळ बाळगली.

दुसरे उदाहरण आणखी बोलके आहे. जॉन ग्रिबिन आणि स्टीफन प्लेजमन या दोन खगोलशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये एक पुस्तक लिहून असे प्रतिपादन केले की, १९८२ मध्ये ग्रह सूर्याच्या एका बाजूला गोळा होतील आणि त्या परिणामातून कॅलिफोर्नियात मोठा भूकंप होण्याचा संभव आहे. १० मार्च १९८२ हा दिवस कोणताही उत्पात न होता गेला. ग्रिबिन यांनी १९८० मध्येच आपला तर्क चुकल्याचे मान्य केले होते. परंतु १९८२ मध्ये दोघांनी दुसरे पुस्तक काढून सांगितले की, अपेक्षित परिणाम दोन वर्षे आधीच घडून गेला आणि सेंट हेलेन्स पर्वताचा १९८० मधील ज्वालामुखीचा उद्रेक हा त्याचाच भाग होता. अष्टग्रहीच्या समर्थकांनी मुदत पुढे ढकलली, या शास्त्रज्ञांनी ती मागे ओढली, फरक एवढाच. तेव्हा केलेला शब्द जपण्याची ही ओढ धर्मभोळ्यांपुरती आहे असे मानून सुशिक्षितांनी निर्धास्त राहण्याचे कारण नाही. विज्ञानात हा दोष कमी टिकतो. कारण दुसरा शास्त्रज्ञ येऊन जुना दप्तरखाना उघडतो आणि पहिल्याची चूक छापून दाखवितो. आपल्या भाकितांच्या बाबतीत असा दप्तरखानाच नसतो.

किंमत कोणी मोजली?

फसलेले भाकीत निरुपद्रवी असते, चार दिवस देवाचे नाव घेतले तर बिघडले काय, असेही म्हटले जाते. देवाचे नाव घेण्याने काहीच बिघडत नाही. प्रश्न त्या नावाखाली झालेल्या व्यवहाराचा आहे. होमात गेलेले तूप आणि धान्य, शांतीसाठी काढलेले कर्ज, मोडलेला प्रवास, बुडालेली मजुरी, आणि मुलांच्या मनात बसलेली धास्ती यांचा आकडा कोणी मांडलेला नाही. जुलै १९७९ मध्ये ‘स्कायलॅब’ हे अमेरिकेचे सुमारे ७७ टनांचे अवकाशस्थानक कोसळणार म्हणून पुन्हा तशीच घबराट उडाली. उद्या मरायचेच आहे तर आज कोंबडी कापून खाऊ, असे म्हणून जवळचे किडूकमिडूक उडविणारे निघाले. त्याचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. त्यानंतर मे २००० मध्ये ग्रहांच्या युतीवरून आणि २१ डिसेंबर २०१२ रोजी मध्य अमेरिकेतील माया लोकांच्या कालगणनेवरून जगबुडीच्या वार्ता उठल्या आणि विरल्या. प्रत्येक वेळी भाकीत सांगणाऱ्याचे काहीही गेले नाही. जे गेले ते ऐकणाऱ्याचे गेले, आणि त्यातही ज्याच्याजवळ थोडे होते त्याचे अधिक गेले.

याच काळात मराठवाड्यावर जी खरी संकटे आली, त्यांची दवंडी कोणी पिटली नव्हती. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, गुरे बेभाव विकली गेली आणि शेतकरी घरातल्या बायामाणसांसह खडी फोडायला गेला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसे झोपेतच गाडली. त्या परिसरात १९९२ च्या उत्तरार्धात लहान लहान धक्क्यांची मालिका होऊन गेली होती. माणसे मेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद कोसळल्यामुळे. पायाखालची जमीन वर्षभर आधी हलत होती आणि घराची भिंत कच्ची होती. या दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोरच्या होत्या. मकर राशीतल्या गर्दीवर जेवढे लक्ष आणि पैसा खर्च झाला, त्याचा अल्पांशही माळवदाचा भार हलका करण्यावर किंवा भिंती बांधून घेण्यावर खर्च झाला नाही. खोट्या भयाने होणारे सर्वांत मोठे नुकसान हेच की, खऱ्या भयासाठी राखून ठेवायचे लक्ष ते आधीच संपवून टाकते.

आधी लिहून ठेवावे

मग करायचे काय? भाकीत फसल्याच्या दुसऱ्या दिवशी श्रद्धावानाची टिंगल करणे हा सुशिक्षितांचा आवडता उपाय आहे, आणि तो सर्वांत निरुपयोगी आहे. हसणाऱ्यापुढे कोणीही आपली चूक कबूल करीत नाही. ज्याचे पैसे गेले त्याला वर शहाणपणही शिकविले, तर तो यज्ञाने संकट टळल्याचेच सांगणार. स्वतःची अब्रू राखण्याचा दुसरा मार्ग त्याला कोणी ठेवलेलाच नसतो. जे मुकाट्याने कामाला लागतात त्यांना बोलते करायचे असेल, तर ‘मी फसलो’ हे शब्द विनासंकोच उच्चारता येतील असे वातावरण लागते.

भाकिताला तोंड देण्याची योग्य वेळ तारखेच्या आधीची आहे. या बाबतीत महाराष्ट्रातच झालेला एक प्रयोग वाट दाखविणारा आहे. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांनी मिळून २००८ मध्ये फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळांवरून कुंडल्या तयार करण्यात आल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस कुंडल्या देऊन कोणती कुंडली कोणत्या प्रकारच्या मुलाची, एवढेच सांगायचे होते. यश कशाला म्हणायचे हे आधी ठरलेले होते. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. त्यांतील बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ४६ भरले. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी निम्मी बरोबर आली असती. या चाचणीत कोणाचाही अपमान नव्हता. प्रश्न आणि कसोटी दोन्ही आधी कागदावर होती, त्यामुळे निकालानंतर मुदत लांबविण्याला किंवा अर्थ बदलण्याला जागा राहिली नाही.

हे काम करायला विद्यापीठच हवे असे नाही. गावच्या शाळेत एक साधी वही पुरेशी आहे. कोणत्याही मोठ्या भाकिताची वार्ता गावात आली की विद्यार्थ्यांनी ती वहीत उतरवून घ्यावी: भाकीत कोणी सांगितले, कोणत्या तारखेला काय घडणार, कुठे घडणार, आणि काय घडले नाही तर ते चुकले असे समजायचे. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण तो भाकीत सांगणाराकडूनच वदवून घ्यावा लागतो. त्याने तो सांगण्याचे नाकारले, तर तीही नोंद करावी. तारीख उलटून गेल्यावर ते पान वर्गात मोठ्याने वाचावे. शिक्षकाने त्यावर भाष्य करण्याची आवश्यकता नाही. दर नव्या भाकिताच्या वेळी मागची पानेही वाचावीत.

या वहीने कोणाची देवावरची श्रद्धा जाणार नाही आणि ती जावी असा हेतूही नाही. पंढरीची वाट चालणाऱ्याला जगाच्या अंताची तारीख लागत नाही. त्याला आषाढी आणि कार्तिकीची तिथी पुरते, आणि ती दरवर्षी येते. वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला आणि खुलताबादच्या दर्ग्याला जाणारा मनुष्य आपल्या संसाराचे मागणे घेऊन जातो, आणि संसाराचे मागणे मागणाऱ्याने उद्याचा दिवस गृहीत धरलेला असतो. तारखेवर उभी केलेली भीती या श्रद्धेपासून वेगळी काढता येते, हे १८४४ नंतरच्या आणि हिजरी सहस्रकानंतरच्या समाजांनी आपापल्या परीने दाखविले आहे.

ग्रह पुन्हा एकत्र येतील. गुरू आणि शनी दर वीस वर्षांनी एकमेकांना गाठतात, इतर ग्रह त्यांच्याभोवती अधूनमधून गर्दी करतात आणि त्या वेळी कोणीतरी तारीख सांगणारच. अष्टग्रहीच्या दिवसांत जे शाळकरी होते ते आता वृद्ध झाले आहेत. घरातल्या मोठ्या माणसांनी तेव्हा काय ऐकले, काय खर्च केले आणि त्या मंगळवारी सकाळी ते काय म्हणाले, हे सांगू शकणारी तेवढीच माणसे आता उरली आहेत. देवगाव रंगारीच्या किंवा अन्य कोणत्याही गावच्या शाळेला वहीचे पहिले पान भरायचे असेल, तर ते त्यांच्याकडून भरून घेता येईल. मात्र त्यांना विचारायला लवकर गेले पाहिजे.